डाव्या अंगाचा बैल

लालमियाँ जमादाराला गावातल्या माणसांची नावं ठाऊक नव्हती. बैलांची होती. त्यातही सगळ्या बैलांची नव्हेत, गाडीला डाव्या अंगानं जुंपलेल्या बैलांची. चौकात उभा राहून तो हाका मारायचा त्या अशा: "ए पाखऱ्या, कडंला घे. मागून चांद्या यायलाय, त्याला जागा सोड." नवख्या माणसाला वाटे, हा बैलांशीच बोलतोय. पण तो गाडीवानांशी बोलत असे. पाखऱ्या म्हणजे पाखऱ्याचा मालक. त्या मालकाला आईबापांनी काय नाव ठेवलंय, याची चौकशी जमादारानं कधी केली नाही.

मोंढ्यात, म्हणजे कापसाच्या बाजारात, आडत चालवणारे नागअप्पा गावातले बडे गृहस्थ. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगावर परीटघडीचं धोतर. तहसीलदारसुद्धा त्यांना "या अप्पा" म्हणून खुर्ची देत. ते आपल्या दमणीत, त्या हलक्या बैलगाडीत, बसून चौकात आले की जमादार म्हणे, "ओ हरण्या, तुमी जरा दम धरा." अप्पांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, तुमी शिकल्यालं माणूस. हरण्या माझा बैल हाय, मी न्हवं, एवढं ह्याला समजावून सांगता का?" मी सांगितलं. जमादारानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हौ मास्तर, ते मला मालूम हाय. पर सडकंवर अप्पा चालतेत का हरण्या चालतो? मग हाक कुणाला मारू?" मी अप्पांना जाऊन सांगितलं की तुम्हीच जरा सवय करून घ्या.

माझी पंचाईत निराळी होती. मला बैलच नव्हता. शाळामास्तराला कुठला बैल? त्यामुळं जमादाराच्या लेखी मला नाव नव्हतं आणि डावी बाजूही नव्हती. शाळा चौकाच्या पलीकडं. रोज सकाळी मी कडेला छत्री धरून उभा, आणि बैल असलेले सगळे गेले की मग माझा नंबर. ताशी एक मैल अशा गतीनं चालणारी लंगडी म्हैस गाडीच्या मागं बांधलेली असली तरी ती माझ्याआधी जायची. मी चिडून काही बोललो तर म्हणे, "मास्तर, बैलाला थांबवलं की तो बिचकतो. तुमी काय बिचकत न्हाई." आता बिचकत नाही, हा काय माझा गुन्हा झाला?

ही गोष्ट निजामाच्या अमदानीतली. आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, रेल्वेच्या कडेचं, कापसाचं. आधी सडकेवर कुणी कुठूनही चालावं असा रिवाज होता. बैलं रस्ता ओळखायची, गाडीवान झोपायचे, कुणाचं काही अडत नव्हतं. मग देवगाव फाट्याकडून दिवसाला दोन वेळा उतारूंची सर्व्हिस मोटार यायला लागली, तिच्या मागं कापसाचे ट्रक आले, आणि सरकारचा हुकूम निघाला की यापुढं गाड्या, जनावरं, माणसं सगळ्यांनी डाव्या बाजूनं चालावं. गावात दवंडी फिरली. चौकातल्या मारुतीपुढं ढोल वाजला, आणि नव्यानंच चौकात नेमणूक झालेल्या लालमियाँनी मारुतीच्या देवळाकडं काठी करून सगळ्या जमावाला सांगितलं, "ही डावी बाजू. समजलं का?"

समजलं. फार चांगलं समजलं. दुसऱ्या दिवसापासून मोंढ्याकडं जाणाऱ्या गाड्या मारुतीच्या कडेनं जायला लागल्या, आणि मोंढ्यातून येणाऱ्या गाड्याही मारुतीच्याच कडेनं यायला लागल्या. बाजाराच्या दिवशी देवळासमोर दोन रांगा तोंडाला तोंड लावून उभ्या. सडकेची दुसरी बाजू मोकळी, तिथं शेळ्या बसलेल्या. मी एका म्हाताऱ्या गाडीवानाला समजावायला गेलो की बाबा, परत येताना डावी बाजू पलीकडं जाते. तो माझ्याकडं दयेनं बघत म्हणाला, "मास्तर, सकाळी आमी गेलाव तवा मारुती डावीकडं व्हता. सांजच्याला त्यो उजवीकडं कसा जाईल? देव काय जागा बदलायलाय का?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. जमादारही तिथंच उभा होता. त्यानंही मान डोलावली, हे माझ्या चांगलं लक्षात आहे, कारण मी तेव्हा फार संतापलो होतो.

त्यातून त्यानं बैलाची युक्ती काढली. जोडी एकदा जुंपायला लागली की बैल आपली बाजू बदलत नाही. डावा तो डावाच राहतो, गाडी मोंढ्याला जावो की घरी येवो. तेव्हा डावा बैल ज्या अंगाला, त्या अंगाची कड धरायची, की झालं. दर बाजाराला तो एकेका गाडीपाशी जाऊन विचारायचा, "डाव्या अंगाचा कोण?" आणि मनात ठेवायचा. लिहिणंवाचणं येत नव्हतं, पण पंचवीस-तीस गावांचे बैल त्याला पाठ. कुणी बैल विकला तर त्याला येऊन कळवावं लागे. एकानं न कळवता विकला तर जमादार दोन आठवडे त्याच्याशी बोलला नाही. "पवळ्या इकला, आणि मला सांगितलं बी न्हाई," असं तो मलाच ऐकवत बसला. जणू पवळ्याचे पैसे माझ्या खिशात पडले होते.

आणखी एक वैताग सांगतो. परगावच्या माणसानं त्याला रस्ता विचारला, की कचेरी कुठं, टपाल कुठं, तर हा तोंडानं कधी सांगायचा नाही. "चला," म्हणून स्वतः निघायचा. तोवर चौक वाऱ्यावर. एकदा अशाच एका पाहुण्याला तो स्टेशनापर्यंत सोडून आला, आणि इकडं कापसाच्या गाड्यांची अशी गुंतागुंत झाली की सोडवायला दुपार झाली. "अहो, सरळ जा आणि अमक्या हाताला वळा, एवढं सांगायला काय होतं?" मी विचारलं. तो म्हणाला, "माणूस चुकला मंजे?"

इथवर मी सगळं सोसलं. पण एका शनिवारी, शुक्रवारची सुट्टी संपवून शाळा भरते न भरते तोच, लालमियाँ जमादार टोपी काखेत मारून माझ्या वर्गाच्या दारात उभा राहिला. "मास्तर, तुमची पोरं बिनजोडीची फिरायलीत," म्हणाला. "मोटार आली की एक इकडं पळतं, एक तिकडं. ह्यांच्या जोड्या लावायच्या."

मी नाही म्हटलं. तो अमीन साहेबांचा, म्हणजे गावच्या पोलीस अंमलदाराचा, तोंडी हुकूम घेऊन आला. मग काय करता? त्यानं मलाच सांगितलं की पोरांच्या दोन रांगा करा आणि कोणती डावी, कोणती उजवी ते तुमीच नेमा. मला वाटलं, साहेब झालाय, स्वतः हात हलवायला नको. मी नेमल्या. प्रत्येक डाव्या पोराशेजारी एक उजवा. रस्त्यानं चालताना एकमेकांचा हात धरायचा. उजव्याचं काम मोटार बघायचं आणि "मोटार" म्हणायचं. डाव्याचं काम आपल्या अंगाला ओढायचं. दुसरं काही बोलायचं नाही, विचार करायचा नाही. "डाव्यानं उजव्याची फिकीर करायची न्हाई, उजव्यानं डाव्याची," असं तो पोरांना रोज घोटून सांगायचा. "एकाला एक गोष्ट आली की बस. दोन्ही येणारं माणूस अल्लानं लय थोडं केलंय."

रोज प्रार्थनेनंतर पाव घंटा ही कवायत. माझ्या भूगोलाच्या वेळेत. पोरं खूश. त्यांनी जोड्यांना बैलांचीच नावं ठेवली, आणि वर्गात हजेरी घेताना मला "हजर" ऐवजी "ढवळ्या आलाय, त्याचा जोडीदार खोकायलाय" अशी उत्तरं यायला लागली. एका पोराच्या आईनं घरी येऊन मला विचारलं की आमच्या लेकराला तुमी बैल कशाला म्हणायलाव? मी कपाळाला हात लावून बसलो.

माझ्या नोकरीचं सांगायला हवं. पाच वर्षं झाली तरी मी कच्चा मास्तर होतो. मुस्तकिल म्हणजे कायम झाल्याशिवाय पेन्शन नाही, रजा नाही, उद्या साहेबाच्या मनात आलं तर घरी बसा. त्या साली शाळा तपासायला तालीमात, म्हणजे शिक्षण, खात्याचे मोठे साहेब येणार होते. वर्ग पसंत पडला की माझा कायमचा हुकूम, असं त्यांच्या कारकुनानं आधीच कानावर घातलं होतं. बायकोनं महादेवाला अभिषेक बोलला होता. मी पोरांकडून नद्या, डोंगर, सुभे सगळं पाठ करून घेतलं होतं.

साहेब आले, खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सूर्याकडं तोंड करून सकाळी उभे राहिलात, तर डाव्या हाताला कोणती दिशा?"

पहिलं पोर उठलं आणि "उत्तर" म्हणालं. साहेब खूश. दुसऱ्याला विचारलं, "आणि उजव्या हाताला?"

ते पोर म्हणालं, "मी डावा हाय साहेब. उजवीकडचं त्याला इचारा."

साहेबांना वाटलं, पोर घाबरलं. त्यांनी तिसऱ्याला उभं केलं आणि पुन्हा डाव्या हाताचं विचारलं. तिसरं छाती काढून म्हणालं, "आमी मोटार बघताव. ओढायचं काम माझं न्हाई." चौथा नुसताच उभा राहिला. त्याच्या डोळ्यात पाणी यायला लागलं. साहेबांनी जवळ बोलावून विचारलं तर हुंदके देत म्हणाला, "माझा डावा आज आलाच न्हाई."

मी तिथं भिंतीला टेकलो होतो. जमीन दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. चाळीस पोरांपैकी ज्याला डावं-उजवं दोन्ही येतं असं एकही निघालं नाही.

साहेब तसे भले गृहस्थ होते. सगळा प्रकार ऐकून घेतल्यावर त्यांनी मला एकट्याला सांगितलं, "मास्तर, हे तुमच्या शिकवण्यामुळं झालं असेल, तर तुम्हाला मुस्तकिल करता येत नाही. पोलिसाच्या ढवळाढवळीमुळं झालं असेल, तर तसं लिहून द्या. तुमचा हुकूम मी काढतो." अमीन साहेबांनाही त्यांनी कागद धाडला. अमीन साहेबांनी मला बोलावून सांगितलं की तुमची कैफियत द्या, म्हणजे लालमियाँला चौकातून काढून परभणीच्या पोलीस लाइनीत पाठवतो. मला तर हेच हवं होतं. घरी येऊन मी तीन पानं कैफियत लिहिली. एवढं जीव ओतून मी आयुष्यात दुसरं काही लिहिलेलं नाही.

बातमी जमादाराला कळली. संध्याकाळी शाळा सुटताना तो फाटकाशी उभा होता. "मास्तर," म्हणाला, "लाइनीत नको."

"का नको? पक्की खोली मिळेल. उन्हात उभं राहायला नको."

"तिथं कवायत असती रोज."

"मग करा की कवायत. माझ्या पोरांना नाही करायला लावत रोज?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. पोरं थांबून ऐकायला लागली. जमादार खाली बघत उभा राहिला, मग चौकाकडं निघून गेला. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेआधी कैफियत द्यावी म्हणून लवकर निघालो. कापसाचा भर होता. चौकात दहा-बारा गाड्या लागलेल्या, सगळ्या आभाळाएवढ्या भरलेल्या. पोरं शाळेला निघालेली, हातात हात. देवगाव फाट्याकडची सडक चौकाजवळ उताराची आहे. त्या उतारावरून सर्व्हिस मोटार येत होती, आणि ती थांबत नव्हती. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हात हलवत होता. तिचा ब्रेक गेला होता.

मग मला जमादाराचा आवाज ऐकू आला. घाईचा नव्हता, नेहमीसारखाच. "पाखऱ्या, तुझ्याकडं. चांद्या, तुझ्याकडं. मोत्या, हरण्या, सुरम्या, आपापल्याकडं." एकाही गाडीवानानं मागं वळून बघितलं नाही की काय झालं म्हणून विचारलं नाही. नाव ऐकलं की कासरा ओढला. बारा गाड्या कडेला सरकल्या आणि मधली सडक मोकळी झाली. पोरांमधून एकदम "मोटार, मोटार" असा गलका उठला आणि वीस डाव्यांनी वीस उजव्यांना लिंबाच्या झाडाखाली ओढून नेलं. दप्तरं उडाली, पाट्या फुटल्या, पण सडकेवर एक पोर राहिलं नाही.

सडकेवर राहिलो मी. मी आधी डावीकडं उडी मारली. मग वाटलं तिकडं पोरं आहेत, म्हणून उजवीकडं मारली. तिकडं बैल, म्हणून पुन्हा डावीकडं. तेवढ्यात मोटार माझं धोतर घासून गेली आणि पुढं मातीच्या ढिगात घुसून थांबली. मी सडकेवर बसलो होतो. छत्री मोटारीच्या खाली गेली होती.

जमादार आला, त्यानं मला उठवलं, धूळ झटकली. म्हणाला, "मास्तर, जोडी न्हाई तर सडकंवर उतरलाव कशाला?" चाळीस पोरांसमोर.

मी पोरं मोजली. दोनदा मोजली. एकालाही खरचटलं नव्हतं. चौथ्या प्रश्नाला रडलेलं ते पोर हसत होतं, त्याचा डावा आज आला होता. मी पोरांना शाळेत पाठवलं आणि तसाच कचेरीत गेलो.

अमीन साहेबांनी हात पुढं केला. कैफियत माझ्या आतल्या खिशात होती. मला ती काढता येईना. मला जमादार आवडत नव्हता, त्या सकाळनंतरही आवडायला लागला होता असं नाही. पण माझ्या डोळ्यासमोर लिंबाखाली एकमेकांवर पडलेली ती पोरं होती. तीन पानांत मी जे लिहिलं होतं ते खोटं नव्हतं, तरीही ते द्यायला माझा हात होईना. अमीन साहेबांनी विचारलं, "बोला मास्तर. पोरांच्या डाव्या-उजव्याचा घोळ कुणी केला?"

माझं डोकं फिरलं. जमादारावर, साहेबांवर, मोटारीवर, स्वतःवर. मी म्हणालो, "मी केला. माझंच डावं-उजवं कच्चं आहे. मला स्वतःला कळत नाही, तर पोरांना काय शिकवणार? घ्या लिहून."

अमीन साहेबांनी लिहून घेतलं. लिहिताना त्यांना हसू आवरेना. मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं की अभिषेक पुढच्या वर्षी कर. ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जोरात आपटत राहिली. कैफियत मी चुलीत घातली.

दुपारपर्यंत गावभर झालं. मास्तराला डावं-उजवं कळत नाही. सकाळी चौकात माझ्या तीन उड्या बघणारे साक्षीदार तयारच होते. नागअप्पांनी मला दुकानातूनच हाक मारून सहानुभूती दाखवली. मी मान खाली घालून चालत राहिलो.

दिवस मावळायच्या सुमाराला लालमियाँ जमादार माझ्या घरी आला. आजवर कधी आला नव्हता. ओट्यावर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली. आत येईना, पाणी घेईना. मला वाटलं, आभार मानायला आलाय, आणि त्या आभारांनी मी आणखी वैतागणार होतो.

मग म्हणाला, "मास्तर, कचेरीत तुमी बोललाव ते खरं हाय का?"

"काय खरं?"

"तुमाला बी कळत न्हाई?"

मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती.

"मला बी न्हाई कळत," तो म्हणाला. "लहानपणापासून. लय मार खाल्ला. बाप म्हणायचा, जेवायचा हात तो उजवा. मी जेवतो बरोबर, पर जेवण झालं की इसरतो. पोलिसात भरती झालो तर कवायत. सगळे एकीकडं वळायचे, मी दुसरीकडं. पहिल्या महिन्यातच काढणार व्हते. मग माझ्या शेजारी गणपत जवान उभा राहायला लागला. हुकूम आला की गणपत कोपर मारायचा. एकदा मारलं की इकडं, दोनदा मारलं की तिकडं. अठरा वर्षं, मास्तर. एक दिवस चुकला न्हाई, आणि कुणाला बोलला न्हाई. कधी बाजारात समोर आला तर मला वाटायचं, हा कोण? मी त्याला सदा बाजूनंच बघितलेला."

"मग?"

"तापानं मेला. मग मी अमीन साहेबाच्या पाया पडून चौक मागून घेतला. चौकात कवायत नसती." टोपी मांडीवर फिरवत तो पुढं म्हणाला, "माणसाला इचारायची लाज वाटती, मास्तर. बैलाच्या मालकाला 'तुझा डावा कोण' म्हणून इचारलं तर त्याला काही वाटत न्हाई. म्हणून बैलं पाठ केली. मला वाटायचं, अल्लानं मला एकट्यालाच असं बनवलं. एवढी दुनिया चालायली, सगळ्यांना कळायलंय, मलाच न्हाई. आज लोक म्हणायले, मास्तर बी तसाच हाय. तुमी शिकल्यालं माणूस. मी पळत आलो."

मी तोंड उघडलं होतं. मला डावं-उजवं उत्तम कळतं, भूगोल शिकवतो मी, ते सगळं रागाच्या भरात बोललो, असं स्पष्ट सांगून टाकायचं होतं. गावात माझी काही अब्रू शिल्लक राहिली असेल तर तेवढी तरी वाचवायची होती. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. पन्नाशीला आलेला माणूस, मिशा पिकलेल्या.

"हो," मी म्हणालो. "लहानपणापासूनच."

"लय मारलं का मास्तरांनी?"

"मारलं."

"कोणत्या हातावर?"

"ते कसं सांगू?" मी म्हणालो.

तो हसायला लागला. आधी हळू, मग पोट धरून, मग डोळे पुसत. मलाही हसू आलं. आतून बायको डोकावून गेली. तिला वाटलं असणार की कायमचा हुकूम हुकल्यावर दोघांनाही वेड लागलं.

दुसऱ्या दिवसापासून चौकात तो मला कडेला उभं करीनासा झाला. मी आलो की गाड्या थांबवायचा, मोटारसुद्धा थांबवायचा, आणि माझा हात धरून मला पलीकडं न्यायचा. पोरांना सांगायचा, "मास्तरांना जोडी नव्हती. आता मी हाय." पोरं तोंडावर हात धरून हसायची. नागअप्पा दमणीत बसून बघायचे. रोज जाताना आणि रोज येताना, माझी बदली होईपर्यंत मी असा सडक ओलांडत राहिलो. शरमेनं माझे कान तापायचे. किती वेळा ठरवलं की आज त्याला खरं सांगून टाकायचं, आणि दर वेळी उद्यावर ढकललं.

बैल जवळ नसला की त्याची बाजू हटकून चुकायची. सडकेच्या मध्यावर आलो की तो भलतीकडं खेचायला लागायचा. मी काही न बोलता त्याला कोपरानं हलकेच ढकलायचो. तो न बघता वळायचा आणि नीट चालायला लागायचा. एकदा असंच ढकललं तेव्हा समोर बघत, सवयीनं म्हणाला, "हौ, गणपत."

त्याच्या ते लक्षातही आलं नाही. मी त्याचा हात सोडला नाही.